वजन उतरतं तेव्हा

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला दोन माणसांनी माझ्या वजनाबद्दल विचारलं. पहिला माझ्या ऑफिसातला. हिंजवडीत लिफ्टमध्ये भेटला आणि म्हणाला, "ब्रो, ओळखलंच नाही. काय केलंस? डाएटिशियनचा नंबर दे." दुसऱ्या आमच्या शेजारच्या आजी. आखाजीसाठी मालेगावला गेलो होतो. कॅम्पातल्या घरापाशी रिक्षातून उतरलो, तेव्हा आजी ओट्यावर बसल्या होत्या. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "काय जयं रे भाऊ तुले?" मग दारात उभ्या असलेल्या माझ्या आईकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "डॉक्टरले दाखाडं का?"

शरीर तेच होतं आणि आकडाही तोच, 101 किलो. सहा महिन्यांपूर्वी तो 138 होता. पुण्यात तो यश होता आणि मालेगावात आजार.

हा लेख खरं तर सिनेमांबद्दल आहे. 'वजनदार' आणि मालेगावच्या सुपरमॅनवरचे दोन चित्रपट, एक माहितीपट आणि एक फिचर. पण माझ्या पोटाबद्दल सांगितल्याशिवाय मला तो लिहिता येणार नाही, म्हणून आधी ते उरकतो.

ग्राफ

2024 ची दिवाळी संपली आणि मी स्लीव्ह ऑपरेशन करून घेतलं. बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियांमधला हा आता सर्वांत जास्त केला जाणारा प्रकार. दुर्बिणीतून जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक ठेवतात. जागा कमी झाल्यामुळे खाणं कमी होतं हे कुणालाही कळतं. पण कापलेल्या भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं. तो भाग गेला की काही महिने भूक जवळपास नाहीशीच होते. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की माझ्यात संयम नाही. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी समोर वडापाव असताना मला काहीच वाटलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा शंका आली, की ज्यांना आपण संयमी म्हणतो त्यांना मुळात भूकच कमी लागत असेल.

सुरुवातीचे दोन आठवडे फक्त पातळ. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. रोज 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं पोटात गेलीच पाहिजेत. बी-12, लोह, कॅल्शियम आणि डी या गोळ्या जन्मभर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि पुढे बहुतेकांचे परत येतात. वजन पहिल्या सहा महिन्यांत जोरात उतरतं, नंतर वेग मंदावतो आणि साधारण वर्ष-दीड वर्षानं थांबतं. पुढे काहींचं थोडं परत चढतं. "बारा महिन्यांनी मी कसा दिसेन?" असं मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "बारा महिन्यांनी विचारा."

मी दर रविवारी सकाळी वजन करतो आणि आकडा शीटमध्ये टाकतो. पायथनच्या दहा ओळींत त्याचा ग्राफ निघतो. पहिल्या महिन्यात 13 किलो, दुसऱ्यात 7, तिसऱ्यात 6. मग 4, 4, 3. लांबून पाहिलं तर छान खाली येणारी रेघ, जवळ गेलं की पायऱ्या. तिसऱ्या आठवड्यात नऊ दिवस काटा हलला नाही. पाचव्या महिन्यात सोळा दिवस. त्या सोळा दिवसांत मी रोज सकाळी काट्यावर उभा राहायचो, उतरायचो, बॅटरी काढून परत घालायचो आणि पुन्हा उभा राहायचो.

घरी सांगितलं होतं, हर्नियाचं छोटं ऑपरेशन झालं. खरं का नाही सांगितलं? आमच्याकडे वजनासाठी पोट कापून घेणं म्हणजे आळशी माणसाचा शॉर्टकट. शिवाय स्थळं बघणं चालू होतं. आणि आईला सांगायचं म्हणजे, तिच्या हातच्या जेवणानं जे वाढलं ते मी कापून टाकलं असं सांगण्यासारखं वाटत होतं.

वजन उतरण्याचं गाणं

ऑपरेशननंतर रजेवर होतो, झोप कमी आणि वेळ भरपूर. तेव्हा मी जाड माणसांवरचे सिनेमे शोधून पाहायला लागलो. मराठीत अर्थातच 'वजनदार'. सचिन कुंडलकर यांचा हा चित्रपट 11 नोव्हेंबर 2016 ला प्रदर्शित झाला, म्हणजे नोटाबंदीनंतर तिसऱ्या दिवशी. लोक एटीएमच्या रांगेत असताना. पाचगणीतल्या दोन मैत्रिणी, सई ताम्हणकर आणि प्रिया बापट. दोघी जाड, दोघींना बारीक व्हायचंय. त्यासाठी त्या नाना खटपटी करतात आणि शेवटी आपण आहोत तशा बऱ्या, इथवर पोचतात.

चित्रपटाचा हेतू चांगला आहे. मराठीत एवढ्या प्रेमानं जाड बायकांकडे कॅमेरा फार कमी वेळा वळलाय. सईनं उभी केलेली बाई विशेष जमलीय. तिच्या वागण्यात एक अवघडलेपण आहे, आपण खोलीत जरा जास्त जागा घेतोय याची सतत जाणीव. ते मी ओळखलं. लोकल डब्यात चौथ्या सीटवर कधीच न बसलेला माणूस ते ओळखतो.

पण या चित्रपटाला दोनच ठिकाणी राहता येतं. एक, जाड असणं. दोन, जाड असण्याशी समेट. मधला रस्ता तो गमतीत काढतो, धावणं, घाम, फजिती. त्यातल्या एका गाण्याचं नावच 'गोलू पोलू' आहे. हे फक्त याच चित्रपटाचं झालंय असं नाही. वजन कमी करणं म्हणजे गाणं, ही हिंदी-मराठी सिनेमाची जुनी सवय. तीन मिनिटांत माणूस धावायला लागतो आणि गाणं संपेपर्यंत त्याचं काहीतरी होतं. ज्या सोळा दिवसांत काटा हलत नाही, ते या गाण्यात कुठे बसणार?

दुसरी गोष्ट चित्रपटाच्या बाहेरची आहे, पण प्रेक्षकाच्या डोक्यात ती आतच असते. 'वजनदार'साठी दोन्ही नट्यांनी खरोखर वजन वाढवलं आणि नंतर उतरवलं. त्याच्या आदल्या वर्षी हिंदीत 'दम लगा के हैशा' आला, त्यात भूमी पेडणेकरनंही तेच केलं होतं. चित्रपट सांगतो, शरीर आहे तसं स्वीकारा. फोन उघडला की त्याच नटीचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी. नट्यांनी काय करावं हा त्यांचा प्रश्न, त्यांचा तो पेशा आहे. पण माझ्यासारखा जाड मुलगा थिएटरमधून एक संदेश घेऊन निघायचा आणि घरी पोचेपर्यंत त्याला दुसरा मिळालेला असायचा. दुसरा जास्त पटायचा, कारण त्यात फोटो होता.

आधी-नंतरच्या फोटोत एक सोय असते. दोन चौकटींमध्ये जी काळी रेघ असते, तिच्यात सगळं मावतं. केस गळणं मावतं, उलट्या मावतात, लग्नात ताटाकडे बघत बसणं मावतं, आईला मारलेली थाप मावते.

बातमीतला काटा

बातम्या सिनेमापेक्षा वेगळं करतात असं नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानानं मुंबईत आणलं. वजन 500 किलोच्या घरात असल्याचं सांगितलं गेलं. क्रेननं त्यांना रुग्णालयात उचलून नेलं ते दृश्य सगळ्या चॅनेलवर होतं. मार्चमध्ये स्लीव्ह ऑपरेशन झालं. त्यानंतर रोज आकडे यायला लागले, आज इतके उतरले, उद्या तितके. एप्रिलमध्ये रुग्णालयानं वजन निम्म्याहून खाली आल्याचं सांगितलं. इमान यांच्या बहिणीनं त्यावर जाहीर शंका घेतली. वाद पेटला, मेमध्ये त्यांना अबुधाबीला हलवलं, आणि 25 सप्टेंबर 2017 ला तिथे त्यांचा मृत्यू झाला.

कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. मला आठवतं ते एवढंच, की तेव्हा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही तो आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा पाहायचो. त्या बाईला काय दुखतंय, ती झोपते का, तिला कुणाशी काय बोलायचंय, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. किलो मात्र पाठ होते.

त्याच महिन्यात मुंबई महापालिकेची निवडणूक होती. मध्य प्रदेश पोलिसातल्या दौलतराम जोगावत यांचा फोटो मुंबईतला बंदोबस्त म्हणून शोभा डे यांनी खिल्लीच्या ओळीसह ट्विट केला. माणूस मुंबईचा नव्हताच. पुढे मुंबईत त्यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया झाली आणि खिल्लीची बातमी चांगली बातमी झाली. शेवट गोड म्हणून आपण तो फोटो माफ करून टाकला. ते बारीक झाले नसते तर?

दोन शफिक

आता माझ्या गावाकडे येतो. मालेगाव यंत्रमागांचं गाव. शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी सिनेमा बघायचा असतो. याच गावात नासिर शेख यांनी 'शोले'ची नक्कल काढली आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' बनवला. त्याच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. भारतात थिएटरांत तो आला 2012 मध्ये. त्यातला सुपरमॅन म्हणजे शेख शफिक, मागावर काम करणारा एक काटकुळा माणूस. थिएटरातलं प्रदर्शन पाहायला तो उरला नव्हता, कर्करोगानं गेला.

शाळेत असताना मला शफिकचा थोडा रागच होता. मी वर्गात सर्वांत जाड, सगळे मला ढोल्या म्हणायचे. आणि गावाचा हिरो कोण, तर ज्याच्या अंगावर मांस नाही असा माणूस. ऑपरेशननंतर माहितीपट पुन्हा पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं. फैजा खान यांचा कॅमेरा शफिकच्या शरीरावर हसतो हे खरं. पण ते हसू गावाचं आहे, शफिकचंही आहे. त्याला आडवा टांगून उडवतात, तो लोंबकळतो, पुन्हा करायला तयार होतो. मधेच त्याचं लग्न होतं आणि तो परत येऊन उडायला लागतो. तो इतका बारीक का, हा प्रश्न माहितीपट विचारतच नाही. बारा तास मागावर उभं राहणाऱ्या माणसांचं शरीर तसं असतं, एवढं गृहीत धरलेलं आहे. त्या शरीराला काही सिद्ध करायचं नाही. आज पाहताना आपल्याला त्याचा शेवट माहीत असतो, माहितीपटाला तेव्हा माहीत नव्हता. त्याचं न माहीत असणं मला फार मोलाचं वाटतं.

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा रीमा कागती यांचा फिचर, लेखन वरुण ग्रोव्हर यांचं, 28 फेब्रुवारी 2025 ला आला. नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव, लेखक फरोगच्या भूमिकेत विनीत कुमार सिंग आणि शफिक झालाय शशांक अरोरा. सिनेमा मला आवडला. गावातल्या मित्रांची भांडणं, कुणाला श्रेय मिळालं आणि कुणाला नाही, लेखकाची तगमग, हे सगळं त्यात नीट उतरलंय. शशांक अरोरानं तर कमाल केलीय. तो फार कमी बोलतो, बाकीचे बोलत असताना फक्त बघतो, आणि तरी नजर त्याच्याकडेच जात राहते.

पण इथे एक अदलाबदल केलेली आहे. माहितीपटात शफिक सुपरमॅन होतो तेव्हा आजाराचं नावही नाही. फिचरमध्ये शफिकला आधी कर्करोग होतो आणि त्याच्यासाठी म्हणून मित्र एकत्र येऊन सुपरमॅन बनवतात. पटकथेच्या दृष्टीनं हे मला कळतं. तिसऱ्या अंकाला कारण लागतं, तुटलेल्या मित्रांना जोडणारं काहीतरी लागतं. पण त्यामुळे त्या काटकुळ्या शरीराला आता अर्थ मिळाला. ते बारीक आहे कारण ते जाणार आहे. जे शरीर आधी फक्त एका कामगाराचं होतं, ते आता आजाऱ्याचं झालं. सुरुवातीला ज्या अंगावर आपण हसलो, त्याच अंगावर शेवटी रडलो, आणि दोन्ही वेळा ते कशाचं तरी चिन्हच होतं.

म्हणजे 'वजनदार'मध्ये जाडी विनोद होते आणि मग धडा होते. 'सुपरबॉइज'मध्ये बारीकपणा विनोद होतो आणि मग शोकांतिका. दर आठवड्याला अर्धा-एक किलो बदलत जाणारं, अजून कशाचंच न झालेलं शरीर या दोघांनाही दाखवता येत नाही. आमच्या शेजारच्या आजींची आणि लिफ्टमधल्या पोराचीही तीच अडचण होती. उतरतं वजन दिसलं, आता त्याला गोष्ट हवी. प्रत्येकानं आपल्याजवळ होती ती लावली.

आजींजवळची गोष्ट काही खोटी नाही. यंत्रमागाच्या गावात क्षय नवा नसतो. मराठीत वजन 'उतरतं' तसा चेहराही 'उतरतो', आणि मालेगावात कुणी "लय उतरला" म्हटलं की ते कौतुक नसतं. माझे थोरले काका मागावर होते. मी सहावीत असताना ते असेच महिन्या-महिन्यानं कमी होत गेले. पॅन्टला सुतळी बांधायला लागले. मग गेले.

आईबरोबर

आखाजीच्या दिवशी आईनं मांडे केले, आमरस केला. मी मांड्याचा चतकोर आणि दोन चमचे रस घेतला. गोड पटकन पुढे सरकलं की मला घाम सुटतो, छाती धडधडते, म्हणून तेवढाच. तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन आली. माझी दृष्ट काढली. अठ्ठाविसाव्या वर्षी.

रात्री टीव्हीवर 'सुपरबॉइज' लावला. आपल्या गावाचा पिक्चर म्हणून तिला उत्साह होता. पहिला तासभर ती हसत होती, कुठली गल्ली खरी आणि कुठली सेटवरची हे सांगत होती. शफिकचा आजार निघाल्यापासून गप्प झाली. एका प्रसंगात तो नुसता बसलेला असतो, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या काकांचं असंच झालं होतं." मग टीव्हीकडेच बघत, "मला खरं काय ते सांग. मी ऐकून घेईन."

मी रिमोटनं सिनेमा थांबवला आणि टीशर्ट वर केला. पोटावर पाच बारीक व्रण आहेत. तिनं चष्मा लावून मोजले. म्हणाली, "हर्नियाला पाच लागतात होय रे?"

मग सगळं सांगितलं. ती रडली, पण मी धरून चाललो होतो त्या कारणासाठी नाही. सहा महिने ती माझ्यासाठी गुरुवार करत होती. पोराला अन्न जात नाही म्हणून स्वतः उपाशी राहत होती, आणि पोरगं तिकडे पुण्यात ग्राफ काढत होतं.

आता माझी पंचाईत अशी, की ज्या अदलाबदलीवर मी वर टीका केली, तिच्यामुळेच आईचं तोंड उघडलं. माहितीपटातल्या शफिककडे बघून ती नुसती हसली असती. फिचरनं त्या शरीराला आजाराची गोष्ट लावली आणि तिच्या मनातली तीच गोष्ट बाहेर आली. समीक्षक म्हणून मला अजूनही वाटतं, की माहितीपट जास्त प्रामाणिक आहे. पण तो प्रामाणिकपणा मी घरी लावला असता, तर कदाचित आजही हर्नियाच चालू असता.

तरी एक सिनेमा मला हवाय. त्यात एक जाड माणूस ऑपरेशन करून घेईल आणि आपण त्याच्याबरोबर वर्षभर राहू. त्याचा शेवटचा फोटो दाखवणार नाहीत. गाणं नसेल. कुठल्याशा सोळा दिवसांत काहीच होणार नाही आणि कॅमेरा तरी तिथेच थांबेल.

सध्या मी 92 वर आहे. आई दर रविवारी फोन करते आणि आकडा विचारून कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवते, दुधाच्या हिशेबाशेजारी. गेले तीन रविवार आकडा तोच आहे. मी वैतागून तिला सांगितलं, अजून दहा तरी जायला हवे होते. ती म्हणाली, "बरं झालं. थांबलं."